तुम्ही विचारलंत म्हणून: टक्कर दिसते का?

लॅटिसवर, म्हणजे कणांमधल्या बळांचं गणित ठिपक्यांच्या जाळीवर मांडून संगणकाने सोडवण्यावर, काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग संगणकात कण एकमेकांवर आदळताना दिसतात का?" नाही दिसत. तरी ते कसे विखुरतात हे मात्र आम्ही सांगतो, आणि इथेच विचारणाऱ्याच्या भुवया उंचावतात.

लॅटिसवर अवकाश आणि काळ ठिपक्यांच्या जाळीत बसवलेले असतात. दोन ठिपक्यांत साधारण 0.1 फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा 10^15 वा भाग) अंतर, आणि अख्खी पेटी जेमतेम काही फेम्टोमीटरची. टक्कर म्हणजे कण लांबून यायचे, भिडायचे आणि पुन्हा लांब जायचे. आमच्याकडे "लांब" ही जागाच नाही. उजवीकडून बाहेर पडलेला कण डावीकडून आत येतो. त्यात काळही गणिती अर्थाने काल्पनिक (√−1 ने गुणलेला) घेतलेला, कारण त्याशिवाय मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक नमुन्यांतून सरासरी काढण्याची रीत, चालत नाही. मग पेटी मोठी करत न्यायची? 1990 मध्ये मायानी आणि टेस्टा यांनी ती वाटही बंद केली: अनंत पेटीत, काल्पनिक काळातल्या आकड्यांतून, अगदी उंबरठ्याजवळचा भाग सोडला तर स्कॅटरिंग (टक्करीनंतरचं विखुरणं) थेट हाती लागत नाही.

उत्तर त्याआधीच, 1986 मध्ये, मार्टिन ल्यूशर यांनी दिलं होतं, आणि मला ते आजही थोडं आगाऊ वाटतं: पेटी लहान आहे ना, मग तिचाच उपयोग करा. एका मितीत बघा. L लांबीच्या कड्यावर दोन कण आहेत. त्यांचा एकमेकांशी संबंधच नसेल, तर फेरी पुरी झाल्यावर लाट स्वतःशी जुळायला हवी, म्हणून kL = 2πn (k हा लाटेचा तरंगांक, म्हणजेच संवेगाचं माप, आणि n पूर्णांक). भिडताना लाट 2δ इतकी सरकत असेल, तर kL + 2δ = 2πn. ऊर्जा मोजली की k कळतो, आणि k कळला की δ. हाच फेज शिफ्ट, म्हणजे टक्करीची सगळी हकिकत. तीन मितींत सूत्र बरंच किचकट होतं, कल्पना तीच राहते.

आता 6 फेम्टोमीटरची पेटी घ्या. त्यात विरुद्ध दिशांना निघालेले, 140 एमईव्हीचे (एमईव्ही हे ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं एकक) दोन मोकळे पायॉन, म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांचे सर्वांत हलके कण. सर्वांत लहान शून्येतर संवेग सुमारे 207 एमईव्ही, त्यामुळे दोघांची मिळून ऊर्जा जवळपास 500. प्रत्यक्षात ऊर्जेची पातळी याच्या किंचित खाली मिळते, कारण वर 770 च्या आसपास ऱ्हो रेझोनन्स (दोन पायॉनांत लगेच फुटणारा अल्पायुषी कण) बसलेला आहे आणि त्यामुळे दोन पायॉनांमधली ओढ इथपर्यंत जाणवते. ही "किंचित" घसरणच आमची सगळी कमाई.

ती पकडणं हेच खरं कष्टाचं काम. काळ पुढे सरकतो तसा सिग्नल विरतो, गोंगाट उरतो आणि वरच्या पातळ्या एकमेकींत मिसळतात. म्हणून एकाऐवजी अनेक ऑपरेटर (कणांची जोडी निर्माण करणारी गणिती साधनं) घेऊन मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, बांधायची आणि तिच्या आयगेनमूल्यांतून (त्या तक्त्याच्या खास संख्यांतून) पातळ्या सुट्या करायच्या. एका पातळीमागे δ चा एक ठिपका. पेट्या बदलून, पायॉनच्या जोडीला एकूण संवेग देऊन ठिपके वाढवायचे. δ जिथे 90 अंश ओलांडतो तिथे ऱ्होचं वस्तुमान, आणि तो किती झपाट्याने चढतो त्यावरून रुंदी, म्हणजे तो किती लवकर फुटतो याचं माप.

एक अडचण राहतेच. 560 एमईव्हीच्या वर चार पायॉन जन्मू शकतात आणि दोन कणांचं सूत्र काटेकोरपणे लागू राहत नाही. ऱ्हो तर त्याच्याही वर. म्हणून कित्येक गणितांत पायॉन मुद्दाम जड ठेवतात. उंबरठा वर सरकतो, ऱ्हो त्याच्या खाली येतो आणि सूत्र बिनघोर वापरता येतं.