पोचल्यावरची झोप

रविवार, रात्री साडेदहा

वर्षावास, म्हणजे बौद्ध परंपरेतला पावसाळ्यातला साधनेचा काळ, सुरू आहे, म्हणून दर रविवारी आईच्या वस्तीतल्या विहारात जाते. आधी त्रिशरण-पंचशील, मग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन. आज पाळी आईची होती. ती चौथीपर्यंतच शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचते, जोडाक्षर आलं की थांबते, पण एक शब्द गाळत नाही.

वाचन संपल्यावर विषय तृष्णेवर गेला. मागून एक काका म्हणाले, "आपण रिकाम्या हातानं आलेली माणसं. शिकायला मिळावं, पक्कं घर व्हावं, एवढंच तर मागितलं. त्यात कसली आली तृष्णा?"

प्रश्न खरा आहे. बाबासाहेबांनी याच ग्रंथाच्या परिचयात जे चार प्रश्न उभे केले, त्यातला एक चार आर्यसत्यांबद्दलच आहे: दुःख, तृष्णा हे त्याचं कारण, त्याचा अंत आणि त्या अंताचा मार्ग. जगणं म्हणजे दुःखच असेल, तर माणसाला आशा कुठली? ज्याच्या ताटात काही नाही त्याला 'इच्छा सोड' म्हणून सांगणं क्रूर आहे, आणि बुद्धानं तसं सांगितलेलंही नाही. आळवी नावाच्या गावातली गोष्ट मला फार जवळची वाटते. हरवलेला बैल शोधून दमलेला एक शेतकरी उपाशीपोटी उपदेश ऐकायला आला. बुद्धानं आधी त्याला जेवू घालायला सांगितलं, धम्म नंतर. 'जिघच्छा परमा रोगा', भूक हाच सगळ्यांत मोठा रोग. भुकेला तृष्णा म्हणू नये.

मग तृष्णा कशाला म्हणायचं? माझ्यापुरतं मला ठाऊक आहे. जानेवारीत मी स्वतःचा फ्लॅट घेतला, कर्ज वीस वर्षांचं. वर्षही झालं नाही, आणि रात्री अंथरुणात पडून मी याहून मोठ्या घरांच्या जाहिराती बघत असते. काल नीट लक्ष दिलं. फोटोत एक मोठं, उजेडाचं स्वयंपाकघर आलं. छातीत किंचित आवळलं, आणि 'पुढचा बघू' असं मनात यायच्या आधीच अंगठा सरकला होता. वेदनेतून, म्हणजे सुखदुःखाच्या जाणिवेतून, तण्हा (तृष्णा), तण्हेतून उपादान, म्हणजे धरून ठेवणं, ही साखळी मला कितीतरी वर्षं पाठ आहे. अंगठ्यात ती काल पहिल्यांदा दिसली. फोन ठेवून पाणी प्यायला उठले, तर माझा ओटा लहान वाटला. सकाळी त्याच ओट्यावर पोळ्या लाटल्या होत्या, तेव्हा नव्हता वाटला.

संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात एक संवाद आहे. कौशांबीच्या घोषिताराम विहारात उण्णाभ नावाचा ब्राह्मण बुद्धाचा शिष्य आनंद याला अडवतो: इच्छा सोडायची तीही इच्छेनंच, मग याला शेवट कुठे? आनंद त्यालाच विचारतो, या विहारात यायची इच्छा तुला झाली होती ना? इथे पोचल्यावर ती शमली ना? पूर्वी वाचलं तेव्हा मला हे नुसतं हजरजबाबी उत्तर वाटलं होतं. काकांचा प्रश्न ऐकताना वाटलं, हीच तर पारख आहे. पोचल्यावर शमते का, एवढंच बघायचं.

विहारातून परतताना आईला विचारलं, "आपलं घर पक्कं झालं तेव्हा पुढं काय हवं असं वाटलं गं तुला?"

ती चार पावलं गप्प चालली. मग म्हणाली, "पत्रे काढले अन् स्लॅब टाकला, त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा रातभर झोपली. आधी पाऊस आला की गंज-बादल्या मांडत बसायची." थोडं थांबून म्हणाली, "अन् तुझी पुस्तकं भिजली नाहीत."

मला माझ्या फ्लॅटमधली पहिली रात्र आठवली. ताज्या रंगाचा वास, खोकी तशीच बांधलेली, आणि मी आडवी पडून बघत होते, बाल्कनी किती अरुंद आहे ते.