अडुळसा लावला, जगवला, त्याचा रस काढला

दिवाळीच्या सुमारास आमच्या अमळनेरकडे घरोघरी कापूस येतो. त्याची धूळ, तूस घशात जाऊन खोकलाही येतो. सासरे तर ऐन थंडीत रात्रभर खोकायचे. दाराशी अडुळसा हवाच, असं मी ठरवलं.

शेजारच्या काकूंनी पावसाळ्याच्या तोंडी वीतभर लांबीच्या चांगल्या निबर कांड्या कापून दिल्या. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. त्यात कांडी कुजते. म्हणून वाळू आणि शेणखत घालून उंचवटा केला आणि दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, मातीत जातील अशा कांड्या खोचल्या. कुंपणाचं विचारलं तर काकू म्हणाल्या, "ह्या झाडले बकरीबी तोंड लावत नही!" खरंच लावत नाही, पाला इतका कडू. खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५ च्या घरात गेला की पानं माना टाकतात. बुडाशी केळीची वाळलेली पानं अंथरली आणि संध्याकाळी पाणी दिलं, तेवढ्यावर झाड तगलं. हिवाळ्यात फुलं आली: पांढरी, जबडा उघडल्यासारखी, खालच्या पाकळीवर जांभळट रेघा. मधमाश्या हटत नाहीत.

रस काढणं मात्र नुसत्या वाटण्याचं काम नाही. कितीही वाटा, हाती हिरवा चोथाच येतो. आयुर्वेदात यासाठी पुटपाक सांगितलाय: वाटलेला गोळा पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात भाजायचा. सासूबाई चुलीत तसंच करायच्या. मी पानं ढोकळ्याच्या भांड्यात वाफवते. हिरवा रंग मळकट झाला की गरम असतानाच वाटून फडक्यात पिळते, आणि मग रस छान सुटतो. चमचाभर रसात मध घालून दिला की घट्ट कफ सुटतो. याच पानांतल्या वासिसिन या घटकावरून खोकल्याचं ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

गरोदर बाईला अडुळसा अजिबात देऊ नका, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, ताप किंवा रक्त दिसलं, तर क्षयरोग नाही ना, यासाठी आधी थुंकी तपासून घ्या; सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सासऱ्यांची तपासणी साफ आली, तेव्हाच मी त्यांना रस सुरू केला.