पूर ओसरल्यावर ऐकलेली नदी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमच्या घरात शिरलं तेव्हा आम्ही कागदपत्रं, गाद्या आणि गॅसची टाकी वर नेली. माझी बाजाची पेटी खालीच राहिली. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर पाहिलं तर भाता एका बाजूनं सुटलेला, लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. सुटलेली बाजू तळहातानं दाबून भाता मारला, तर आधी चिखलाचं पाणी आलं आणि मग काळी एकचा तेवढा एक सूर वाजला. मी तिथंच ओल्या फरशीवर बसून रडले.

त्याच आठवड्यात भाचीनं फोनवर एक गाणं पाठवलं : 'डीप रिव्हर'. नदीचं नावसुद्धा नको होतं, तरी ऐकलं. नदी खोल आहे आणि माझं घर यार्देनेच्या पलीकडं आहे, एवढंच त्यात म्हटलंय. अमेरिकेत गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांची ही गाणी, म्हणजे स्पिरिच्युअल्स. यार्देन ही बायबलमधली नदी, तिच्या पलीकडं मरणापलीकडचा देश. आणि काहींच्या मनात ओहायो नदीही, जिच्या उत्तरेला गुलामगिरी नव्हती. आपल्याकडं यासाठी किती नेमका शब्द आहे : पैलतीर.

ही गाणी जगापुढं आणली ती नॅशव्हिलच्या फिस्क कॉलेजातल्या पोरापोरींनी. कॉलेज कर्जात बुडालेलं होतं, म्हणून १८७१ मध्ये ती गात गावोगाव फिरली आणि पैसे जमवले. दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, इकडं जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. शाहू महाराजांच्या गावात राहून हा धागा मला इतक्या उशिरा दिसला, याची हळहळ वाटते.

मग मी शोधतच गेले. इंग्लंडच्या मायकल टिपेट या संगीतकारानं १९३९ ते ४१ या काळात 'अ चाइल्ड ऑफ अवर टाइम' लिहिलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ज्यूंवर जो हल्ला चढवला, त्यामागची ती गोष्ट. एकेकटा गायक आपलं दुःख सांगतो, आणि जिथं जुना जर्मन संगीतकार बाख समूहाकडून भक्तिगीत म्हणवून घ्यायचा, तिथं टिपेट स्पिरिच्युअल ठेवतो. अशी पाच आहेत. शेवटचं 'डीप रिव्हर'. एकट्याचं बोलणं संपतं आणि सगळे मिळून ते उचलतात. भजनात बुवांच्या मागं झील धरतात ना, तसंच. झील धरणारा बुवांना खोटा धीर देत नाही, तो फक्त ओळ खाली पडू देत नाही.

आजचे क्वायरसाठी, म्हणजे समूहानं गाणाऱ्यांसाठी, लिहिणारे लोक हेच कवितेशी करतात. अमेरिकन संगीतकार रोझफनी पॉवेल एकीकडं स्पिरिच्युअल्स बसवतात आणि दुसरीकडं कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूजच्या स्वप्नाच्या कवितेला चार आवाज देतात. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची आशेवरची कविता तर कितीतरी जणांनी चालीत बांधली. आशा म्हणजे पिसं असलेलं काहीतरी, मनात येऊन बसतं आणि शब्दांवाचून गात राहतं. मला लगेच ज्ञानेश्वरांचा काऊ आठवला. 'पैल तो गे काऊ कोकताहे.' तिथंही कोणी आलेलं नाही, फक्त शकुन झालाय.

म्हणून आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये मी एक प्रयोग सुरू केलाय. आम्ही चौदा जण, रविवारी उपासनेनंतर तालीम. बास आणि टेनर, म्हणजे पुरुषांचे खालचे आणि वरचे आवाज, 'डीप रिव्हर' नुसतं गुणगुणतात आणि त्यावर अल्टो, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायका, काऊची ओळ म्हणतात. पट्टी काळी एक. नव्या पेटीत जुनीतली तेवढी पितळी रीड मी बसवून घेतलीय.

अवघड आहे ते श्वासाचं. लांब सूर धरताना सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारचा गातोय तोवर आपण हळूच घ्यायचा आणि त्याच सुरात अलगद परत शिरायचं. ऐकणाऱ्याला सूर कुठं तुटलेला कळतच नाही. एकट्याच्या छातीत एवढा दम नसतो.

बासमधले एक काका टेम्पो चालवतात. पुरात त्यांचा टेम्पो आणि घराची मागची भिंत गेली. पहिल्या तालमीला म्हणाले, "ताई, नदी म्हटलं की अजून पोटात गोळा येतोय बघा." मी म्हटलं, "नका म्हणू काका, नुसते बसा." ते बसले नाहीत. गेल्या रविवारी दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज अडकला, मान खाली गेली. शेजारी बारावीतला पोरगा होता, त्यानं त्यांच्याकडं न बघता सूर धरून ठेवला. चार-पाच मात्रांनी काका परत आत आले.