उलटलेल्या कनूचा विचार करून भरलेले सामान

नर्मदेवर दोन रात्रींच्या मुक्कामाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सगळे सामान बैठकीच्या खोलीत सतरंजीवर मांडतो आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन एवढेच विचारतो की, कनू, म्हणजे आमची वल्ह्याची अरुंद, उघडी होडी, उलटली तर या वस्तूचे काय होईल. इंदूरहून आम्ही बहुतेक वेळा हनुवंतियाला, म्हणजे नर्मदेवरील इंदिरासागर धरणाच्या पाण्यावर जातो. साठवणक्षमतेच्या दृष्टीने देशातला सर्वांत मोठा असलेला हा जलाशय सकाळी आरशासारखा शांत असतो. मात्र दुपारी वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर उठणाऱ्या लाटा कनूच्या कमी उंचीच्या काठावरून सहज आत येतात. जुने हरसूद गाव 2004 मध्ये याच पाण्याखाली गेले, आणि तिथून वल्हे मारत जाताना अजूनही माझे बोलणे आपोआप थांबते.

पहिल्या वेळी, डिसेंबरमध्ये, आमची कनू उलटली नव्हती. लाटांचे पाणी फक्त चार बोटे साचले होते. ड्राय बॅगचे, म्हणजे पाणी आत न जाऊ देणाऱ्या पिशवीचे, तोंड किमान तीन वेळा घट्ट गुंडाळून मगच क्लिप लावायची असते, हे मला ठाऊक होते. परंतु मी पिशवी काठोकाठ भरल्यामुळे एकच घडी बसली आणि तीही तिरकी. काठावर उतरून मी पिशवी उलटी धरली, तेव्हा आधी पाण्याची धार लागली आणि मग जड झालेली स्लीपिंग बॅग बाहेर आली. ती रात्र मावसभाऊ आणि मी एकाच ताडपत्रीत गुरफटून शेकोटीपाशी बसून काढली. तेव्हापासून मी पिशवी तीन-चतुर्थांशच भरतो, आतली हवा दाबून काढतो, घड्या घालतो आणि घरीच पाण्याने भरलेल्या टबात ती दाबून धरून बुडबुडे येतात का ते पाहतो. अंथरूण आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड यांसाठी आत आणखी एक जाड प्लास्टिकची पिशवी असते. हे कपडे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत, कारण भिजलेले सुती कापड लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. माळवा-निमाडच्या हिवाळी रात्री ते परवडत नाही.

काही वस्तू मात्र कोणत्याच पिशवीत जात नाहीत. लाइफ जॅकेट अंगावरच असते, आणि निघण्यापूर्वी ते खांद्यांपाशी धरून दुसऱ्याने वर ओढून पाहायचे. ते कानांपर्यंत सरकले तर पट्टे सैल आहेत. शिट्टी, लहान चाकू, विजेरी आणि झाकणाच्या डबीत आगपेटीच्या काड्या जॅकेटच्या किंवा पँटच्या खिशात असतात, कारण माणूस आणि कनू यांची ताटातूट झाली तर हाताशी उरते ते एवढेच. जादा वल्हे आणि पाणी उपसण्यासाठी कापलेला प्लास्टिकचा डबा कनूलाच आखूड दोरीने बांधतो. लांब, सुटी दोरी मी कधीही ठेवत नाही. उलटलेल्या कनूखाली ती पायात अडकते.

दोन्ही टोकांना बांधायच्या दोऱ्या मात्र मजबूत हव्यात, कारण रात्री कनू काठावर वर ओढून झाडालाच बांधावी लागते. धरणाच्या खालच्या बाजूला मुक्काम असेल तर याला पर्याय नाही. एप्रिल 2005 मध्ये धाराजी येथे इंदिरासागरातून सोडलेल्या पाण्यामुळे नर्मदा अचानक चढली आणि अनेक भाविक बुडाले, हे आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. म्हणून तंबू मी नेहमी पाण्यापासून बराच उंच लावतो, मग सामान वाहून न्यायला कितीही वेळ लागो.

स्वयंपाकाचे फार सांगण्यासारखे नाही: भाजणी, पोहे, खिचडीचे डाळ-तांदूळ, मेतकूट, गूळ, शेंगदाणे आणि शेव. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी आम्ही माणशी रोज चार लिटर धरतो. त्यामुळे दोघांच्या दोन दिवसांच्या पाण्याचे वजन सोळा किलो होते, आणि हे वजन कुठे ठेवायचे हे मला पदार्थांच्या यादीपेक्षा महत्त्वाचे वाटते. पाण्याचे कॅन आणि भांड्यांचा डबा तळाशी, मधोमध, डावी-उजवी बाजू सारखी राहील असे ठेवायचे. एरवी पुढचे टोक किंचित हलके ठेवावे, पण समोरून वारा असेल तर एखादी पिशवी पुढे सरकवावी. नाहीतर हलके टोक वाऱ्यावर फिरते आणि कनू सरळ ठेवण्यातच हात भरून येतात.

यादीतला शेवटचा कागद सामानात नसतो. कोणत्या काठावरून निघणार, कुठे मुक्काम करणार आणि कोणत्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हे लिहून मी तो आईकडे देतो. आई तो देवघराच्या फळीवर डबीखाली ठेवते आणि मी परत येऊन मागेपर्यंत तिथून हलवत नाही.