क्लच दाबलेलाच होता

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि शेवटचंच. "क्लच दाबला होता म्हणता, मग ट्रॅक्टर गडग्यावर गेला कसा?" या प्रश्नात दादावरचा संशय असतो, तो कळतो मला.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे जुना राखाडी फर्ग्युसन, टीई-20. त्याला क्लच एकच. इंजिनाचा जोर क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येतो आणि तिथूनच मागे पीटीओला, म्हणजे जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला, जातो. लिफ्टचा पंपही त्याच शाफ्टवर. म्हणून क्लच दाबून नांगर उचलायला गेलात तर तो मातीतच राहतो. क्लच दाबला की चाकं, पंप, पीटीओ तिन्ही इंजिनापासून सुटतात. एकमेकांपासून सुटत नाहीत. एवढंच सांगून सांगून थकलो.

त्या दिवशी कलमांच्या बागेत गवत कापायला स्लॅशर जोडला होता. उतार नावापुरता. गडगा जवळ आला, दादाने क्लच दाबला आणि ट्रॅक्टर चालतच राहिला. इंजिन सुटलं होतं, पण स्लॅशरचं जड पातं वेगात होतं. आता पातं पीटीओला फिरवत होतं, पीटीओ गिअरबॉक्सला आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांना. दादा दोन्ही पाय रेटून उभा राहिलेला मी पाहिला. ब्रेकला ट्रॅक्टरबरोबर ते पातंही थांबवायचं होतं. पुढचं चाक गडग्यावर चढलं, चिरे ढासळले, ट्रॅक्टर कलला आणि दादाचा गुडघा चेंगरला. दवाखान्यात तोच मला विचारू लागला, "माझा पाय क्लचवरच होता ना रे?"

होता. मी पाहिलाय.

न्यूट्रल का नाही केलं? केलं असतं तर चाकं सुटली असती, खरंय. पण दातांवर असा ताण असताना गिअर सहज निघत नाही. निघालाच नसता असंही मी छातीठोक म्हणणार नाही.

पूर्वी मी सगळा दोष फर्ग्युसनला द्यायचो. टीई-20 निघाला 1946 साली, आणि त्याच वर्षी कॅनडातल्या कॉकशट 30 ला चाकांच्या क्लचवर अवलंबून नसलेला पीटीओ होता! पण हा ट्रॅक्टर मुळात नांगर आणि लिफ्टभोवती बांधलेला. राग धरवत नाही, सोडवतही नाही.

आता पीटीओवर ओव्हररनिंग कपलर आहे. जोर फक्त ट्रॅक्टरकडून पात्याकडे जातो. शाफ्ट 1⅛ इंची, हल्लीची अवजारं 1⅜ ची, म्हणून दोन्ही मापं जोडणारा घेतला. त्याने लांबी वाढली, जोडशाफ्ट कापून घ्यावा लागला.

तरी पटत नसेल तर दादाला छेडू नका, माझ्याकडे या. कपलर काढतो, एक मागचं चाक जॅकवर घेतो, इंजिन बंद ठेवून गिअर आणि पीटीओ दोन्ही टाकतो आणि क्लच दाबून धरतो. तुम्ही पीटीओचा शाफ्ट हाताने फिरवा आणि चाकाकडे बघा.