गॅसला हात लावण्याआधी: परभणीतल्या हॅचबॅकच्या ढिल्या एसीच्या नोंदी

गाडी 1.2 लिटर पेट्रोल, साधा मॅन्युअल एसी, गॅस आर-134ए. बोनेटखालच्या स्टिकरवर 380 ग्रॅम, कॉम्प्रेसरचं तेल पीएजी-46. तक्रार अशी की जिंतूर रोडला 80 च्या वेगात बरं वाटतं, पण वसमत रोडच्या गर्दीत गाडी अडकली की ब्लोअर नुसता वारा घालतो. एवढ्यावरच संशय कंडेन्सर (रेडिएटरपुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि त्याच्या फॅनवर जायला हवा. पळत्या गाडीत कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो फॅनलाच ओढावा लागतो. तरी मागच्या दोन उन्हाळ्यांत या गाडीत दोनदा अंदाजे गॅस मारून झालाय.

सगळी मापं एकाच पद्धतीने घेतली: गाडी सावलीत, बोनेट उघडं, काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू, ब्लोअर फुल, 1,500 आरपीएमवर 10 मिनिटं, थर्मामीटर डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत दोन इंच आत. पद्धत बदलली की आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

5 मे, बाहेर 42 अंश

लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) 58 पीएसआय, हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब) 330, जाळीत 21 अंश. गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली असते. इथे दोन्ही वर आहेत, म्हणजे कंडेन्सर उष्णता बाहेर टाकू शकत नाही किंवा गॅस जास्त आहे. कॉम्प्रेसर आतून गेला तर लो वर आणि हाय खाली येतो, तसंही नाही.

एसी फिल्टर ग्लोव्ह बॉक्समागून काढला. सोयाबीनचं भूस आणि धूळ भरपूर, म्हणून बदलला. पण दोष त्याचा नव्हता. फिल्टर तुंबला की हवा कमी येते, आलेली मात्र गार असते. इथे हवा जोरात येत होती, गारवाच नव्हता.

6 मे, सकाळी

रात्रभर शेडमध्ये उभी गाडी, इंजिन थंड, बाहेर 30 अंश. दोन्ही गेज 98 पीएसआयवर. आर-134ए शुद्ध असेल तर 30 अंशांना साधारण 97 यायला हवा, म्हणजे आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलेला नाही. स्वस्तातले डबे वापरणाऱ्यांनी ही तपासणी जरूर करावी. काटा यापेक्षा दहा-पंधरा पीएसआय जास्त दिसला तर पुढचं सगळं निदान फुकट. मात्र यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच दिसतो.

मग एसी लावून फॅन पाहिला. एसी सुरू होताच फॅन हळू फिरायला हवा. तो गप्प, आणि हाय साइडचा दाब बराच चढल्यावर एकदम फुल स्पीडने सुटतो. फ्यूज, रिले ठीक. फॅनच्या चौकटीवरचा स्लो स्पीडचा रेझिस्टर मल्टीमीटरवर ओपन, म्हणजे आतून तुटलेला निघाला. नवा बसवला. जुन्याला थेट वायर जोडून बायपास करू नये. मग स्लो स्पीड उरतच नाही, फॅन कायम फुल पळतो आणि त्याचे ब्रश लवकर झिजतात.

7 मे

बंपर उतरवला. कंडेन्सरची पुढची बाजू बरी होती, खरी गंमत मागे. रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट काढून तो बोटभर मागे झुकवला, तर मधल्या फटीत कापसाच्या तंतूंचा थर, नमद्यासारखा घट्ट. मानवत, सेलूकडच्या जिनिंगला जाणाऱ्या ट्रॅक्टरांमागून हिवाळाभर गाडी हाकली की हे होणारच. त्यावर काळ्या मातीची धूळ बसलेली. इथे आधी पाणी मारू नका: काळी माती भिजली की फिनमध्ये (कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांमध्ये) गारा लिंपल्यासारखी बसते. कोरड्या मऊ ब्रशने, फिनच्याच दिशेने, सगळं झाडून घ्या. नंतर साध्या नळीने इंजिनाकडून पुढच्या बाजूला पाणी सोडा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने फिन झोपतात आणि मग विंचरत बसावं लागतं.

संध्याकाळी 41 अंशांना: लो 46, हाय 285, जाळीत 17. सुधारणा आहे, पण लो 46 म्हणजे कूलिंग कॉईल साधारण 10 अंशांवर. जाळीत 17 हे फार झालं. वाटेत कुठून तरी गरम हवा मिसळतेय. इंजिनाकडून हीटरला जाणारा पाइप मऊ क्लॅम्पने दाबला, चार मिनिटांत जाळी 14 वर. म्हणजे हीटरचा फ्लॅप पूर्ण बंद होत नव्हता. केबलची क्लिप सरकली होती. नॉब पूर्ण थंडवर ठेवून, फ्लॅप हाताने टोकापर्यंत दाबून क्लिप लावली. क्लॅम्प काढल्यावरही 14 कायम. गेजचे काटे जागचे हलले नाहीत. फक्त गेज पाहणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही.

9 मे

हाय साइड अजून 285, म्हणून गॅस मशिनवर काढून घेतला. हवेत सोडू नये. हरितगृह वायू म्हणून तो कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट. वजनकाट्यावर आला 505 ग्रॅम. स्टिकरपेक्षा 125 जास्त, म्हणजे गळती मुळात नव्हतीच. जादा गॅस कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत द्रव होऊन साचतो, तेवढी जागा वाया जाते आणि दाब चढतो.

व्हॅक्यूम 45 मिनिटं, मग पंप बंद करून 20 मिनिटं काटा हलत नाही ना ते पाहिलं. परभणी समुद्रसपाटीपासून 400 मीटरच्या आसपास, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून गेज पाऱ्याच्या 28.5 इंचांवरच थांबतं; 29.9 ची वाट पाहू नये. गॅससोबत 10 मिली तेल आलं होतं, तेवढंच नवं पीएजी-46 घातलं. बाटली लगेच बंद करावी, हे तेल हवेतला ओलावा ओढतं. गॅस वजनावर 380 ग्रॅम, इंजिन चालू, लो साइडने, डबा उभा. डबा उलटा धरला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो आणि व्हॉल्व्ह जातात. डोळ्यांवर चष्मा हवाच, हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो.

42 अंशांना: लो 37, हाय 245, जाळीत 10. आयडलला 12.

11 मे

गंगाखेडपर्यंत चालवून तपासलं. 40 मिनिटांनी कॉम्प्रेसर सुटला, गाडी थोडी निवल्यावर परत लागला. सुटला तेव्हा क्लचच्या (कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणाऱ्या चुंबकी पकडीच्या) पिनवर 14 व्होल्ट होते, म्हणजे वीज पोचते, पकड सुटते. क्लचची कॉईल थंड असताना 3.7 ओहम, गरम झाल्यावर 4.8, करंट 3.8 वरून 2.9 अँपिअरवर येतो आणि चुंबकाची ओढ तेवढी कमी होते. फीलर गेजने क्लचची फट 0.75 मिमी, या कॉम्प्रेसरला हवी 0.3 ते 0.6. प्लेट काढून 0.3 मिमीची एक शिम (पातळ चकती) कमी करायची आहे. फट तीन जागी मोजणार, कारण प्लेट वाकडी असेल तर शिम काढल्यावर एका बाजूने घासेल.