तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी असून बाग का वाळवता?

सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा बघायला आलेली माणसं सप्टेंबरात किंवा डिसेंबरात आली की एक प्रश्न हमखास विचारतात. शेततळ्यात पाणी दिसतंय, ठिबकच्या नळ्या जागेवर आहेत, आणि झाडं मात्र पिवळी पडून पानं गाळतायत. ‘पाणी आहे ना? मग देत का नाही? झाडांचे असे हाल का करता?’ पुण्या-मुंबईचे पाहुणे हे अगदी कळवळून विचारतात. नव्यानं बाग लावलेले शेतकरी तोच प्रश्न वेगळ्या तोंडानं विचारतात, ‘वहिनी, ताण किती दिवस द्यायचा?’ बांधावर उभं राहून दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला घेतलं.

आधी झाडाचा स्वभाव सांगते. डाळिंब मूळचं इराण आणि त्याच्या आसपासच्या मुलखातलं. तिकडं हिवाळा कडक. थंडी पडली की झाड पानं टाकून झोपी जातं आणि ऊब आली की जागं होऊन एकदम फुलतं. सोलापूर जिल्ह्यात तशी थंडी कुठली? इथं झाड बारा महिने हिरवं राहतं आणि पाणी मिळत गेलं तर बारा महिने थोडं थोडं फुलत राहतं. एका फांदीवर कळी, दुसरीवर लिंबाएवढं फळ, तिसरीवर तोडायला आलेलं. परसातल्या एका झाडाला हे चालून जातं. पण बागेत असं झालं तर फवारणी कुठल्या अवस्थेची करायची, खत कधी टाकायचं? आणि चार कॅरेट मालासाठी व्यापारी गाडी घेऊन रानात येत नसतो. शिवाय असं सारखं फुलणारं झाड एकदाही भरून फळत नाही. त्याची ताकद किरकोळीत संपून जाते.

म्हणून तिकडं थंडी जी झोप देते ती इथं आम्ही पाणी तोडून देतो. यालाच ताण म्हणायचं. पाणी बंद झालं की नवी पालवी थांबते, पण जुनी पानं काही दिवस काम करत राहतात. त्यांनी केलेलं अन्न वाढीवर खर्च होत नाही, ते काडीत साठतं. पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली काडी दिसली की समजायचं, झाडाच्या पोटात काहीतरी शिल्लक आहे. हीच शिल्लक पुढं कळी होऊन बाहेर पडते. विदर्भात संत्र्याला आणि जालन्याकडं मोसंबीला असाच ताण देतात. आमच्या शेजारी तासगावकडं द्राक्षवाले हेच काम छाटणीनं करून घेतात, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, पण झाडानं कधी फुलायचं हे ठरवल्याशिवाय फळबाग होत नाही.

आता कधी फुलवायचं ते. जानेवारी-फेब्रुवारीत पहिलं पाणी सोडलं तर आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. भगवा ही आमच्याकडची डाळिंबाची जात, तिचं फळ तोडणीला यायला फुलापासून सहा महिन्यांच्या आसपास लागतात. त्यामुळं बहार ठरवला की फळ कुठल्या हवेत वाढणार हेही ठरलं. मृगाला पाणी पावसाचं, ताणही उन्हाळ्यात आपसूक बसतो, खर्च कमी. पण कोवळी फळं सगळी पावसाळी दमट हवेत, आणि तेल्याला तीच हवा लागते. तेल्या हा जिवाणूचा रोग. फळावर तेलकट काळपट डाग पडतात, डागाच्या जागी फळ तडकतं, आणि मग निर्यात तर सोडाच, इथल्या बाजारातसुद्धा ते मातीमोल भावानं जातं. हस्ताचं फळ थंडीत, कोरड्या हवेत वाढतं, रंग देखणा येतो, तेल्या कमी. पण त्याचा ताण नेमका भाद्रपदाच्या पावसात द्यायचा असतो. आपण पाणी तोडायचं आणि आभाळानं ओतायचं, असं तीन आठवडे चाललं की ताण कागदावरच राहतो. आंबे बहाराला हवा कोरडी, पण सगळं ओझं एप्रिल-मेच्या पाण्यावर. म्हणजे बिनघोर असा एकही नाही.

मला विचाराल तर बहार पाण्यावरून ठरवावा. कुठल्या महिन्यात भाव चढतो हे ऐकून बहार धरणारे पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांनी तेच ऐकलेलं असल्यानं त्या महिन्यात माल सगळ्यांचाच येतो. पाण्याचा हिशोब मात्र ज्याचा त्याचा असतो आणि तो करता येतो. 15 बाय 10 फुटांवर लागवड असेल तर एकरी 300 च्या जवळपास झाडं बसतात. भर उन्हाळ्यात फळांनी लगडलेल्या झाडाला दिवसाला 40 लिटर धरा. रोजचे 12,000 लिटर झाले, म्हणजे एकरामागं रोज एक मोठा टँकर. आपली बोअर मे महिन्यात किती वेळ चालते आणि शेततळ्यात तेव्हा किती उरतं, हे जानेवारीत पहिलं पाणी सोडण्याआधी पाहिजे. आमच्या तालुक्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही एका वर्षी पडतो आणि दुसऱ्या वर्षी दडी मारतो. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी काही भागात पोचलंय, पण त्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटेल ते आपल्या हातात नाही. म्हणून एवढी शेततळी. त्यातलं पाणी ताणाच्या महिन्यात दिसतं ते उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेलं असतं, आणि पाहुण्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

ताण किती दिवस, याला आकडा आहे, पण त्यावर विसंबू नका. हलक्या मुरमाड रानात 30 ते 35 दिवसांत काम होतं, भारी काळ्या रानात 45 ते 60 दिवस लागतात, कारण काळी माती खाली ओल धरून बसते. वरची ढेकळं वाळली म्हणजे मुळाखालचं वाळलं असं नसतं. आम्ही दिवस मोजतो आणि झाडही बघतो. पाणी एका दिवसात तोडत नाही, कमी कमी करत आणतो. पानं आधी मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग वाऱ्यावर गळायला लागतात. निम्मी-अर्धी गळाली की उरलेली इथ्रेल फवारून पाडतात. लिटरला 1 ते 2 मिली, झाड जितकं हिरवं तितकी मात्रा जास्त, आणि सोबत थोडं डीएपी खत. पाऊस आडवा आला आणि झाड हिरवंगार राहिलं तर मात्रा वाढवून जबरदस्तीनं पानं पाडण्याचा मोह होतो. तो आवरा. पानगळ झाली म्हणजे ताण बसला असं होत नाही. काडी रिकामी असेल तर फूट येते, नुसता पालाच येतो.

मग हलकी छाटणी, शेणखत, खतांचा डोस, आणि पहिलं पाणी. या पाण्याचं मला अजूनही अप्रूप आहे. महिनाभर मुकी उभी असलेली बाग, त्यात ओल उतरते, आठ-दहा दिवसांत काड्यांवर तांबूस डोळे फुगतात. महिन्याभरात कळी. फुलं नीट बघायला शिका. बुडाशी घटासारखी फुगीर फुलं फळ धरतात, घंटेसारखी निमुळती असतात ती नर, ती गळून जायचीच. झाड अशक्त असलं की नर फुलांचा सडा पडतो आणि नवे लोक घाबरून औषधाच्या दुकानात धावतात. दुकानात तेव्हा काही मिळत नाही, कारण ते दुखणं चार महिन्यांपूर्वीचं असतं. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, मधमाश्या आल्या तर सेटिंग, म्हणजे फळधारणा, होतं. आणि सेटिंग झाल्यावर हात आखडता घेऊ नका, फळांची विरळणी करा. झाडाच्या वयाप्रमाणं साठ-ऐंशी फळं ठेवली तर फळाला वजन येतं. आमच्याकडं विरळणी बायकाच करतात. आधी लिंबाएवढी फळं जमिनीवर टाकताना त्यांचाही जीव तुटतो.

पण मला जे खरं सांगायचंय ते ताणाच्या आधीचं आहे. फळ तोडून झालं की झाड रिकामं असतं. सहा महिने त्यानं जे साठवलं ते कॅरेटमध्ये भरून गेलेलं असतं. त्यानंतर तीन-चार महिने त्याला पाणी, शेणखत, अन्नद्रव्यं देऊन नुसतं सावरू द्यायचं. या काळात बाग काहीच कमवत नाही, खातेच. बाळंतिणीला जेवू घालावं तसं घालायचं. अशा पोसलेल्या झाडाला मग ताण दिला तर तो सोसतो. ज्यांची तोडणी लांबली आणि पुढचा बहार चुकू नये म्हणून लगेच पाणी तोडलं, त्यांची झाडं ताणानं झोपत नाहीत, खचतात. बाहेरून दोन्ही सारखीच पिवळी दिसतात. पाहुण्यांनी ‘हाल का करता’ म्हणून विचारलं तर अशा बागेपुढं तो प्रश्न अगदी बरोबर आहे.

आमच्या भागानं हे फार महाग शिकलंय. सासऱ्यांनी बाग लावली ती 1990 नंतर, रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हा. ज्या माळावर बाजरीसुद्धा धड यायची नाही तिथं त्यांनी खड्डे घेतले. तेव्हा गणेश जात होती, पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेली, मऊ बियांची. पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भगवा आला आणि त्याच्या केशरी-लाल रंगानं सगळं बदललं. 2003 आणि 2013 च्या दुष्काळांत लोकांनी स्वतःच्या घागरी बाजूला ठेवून टँकरचं पाणी झाडांना घातलं. 2005 मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली ती आमच्या सांगोला स्टेशनातून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडं. त्या गाडीचा अभिमान आम्हाला अजून आहे.

आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत याच तालुक्यात जेसीबी लावून बागा उपटल्या गेल्या. 2019 पासून पाऊस लागोपाठ जास्त झाला, मुळं पाण्यात राहिली, झाड सुकवणारा मर रोग पसरला, आणि खोडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडणारा पिन होल बोरर आला. ही कारणं सगळे सांगतात आणि ती खरी आहेत. त्यात मी एक घालते. कित्येक झाडं त्याआधीच थकलेली होती. भाव चांगला होता त्या वर्षांत विश्रांतीचे महिने कापले गेले, एका झाडावर दीडशे-दीडशे फळं धरली गेली. बोररला अशक्त खोड लवकर सापडतं. दुष्काळात टँकरनं जगवलेल्या बागा सुगीच्या वर्षांत गेल्या, हे मला विसरता येत नाही. उपटलेल्या झाडांचे ढीग कितीतरी दिवस बांधावर पडून होते. बोरर त्यातून बाहेर पडून शेजारच्या बागेत जातो, ते लगेच जाळायला हवे होते. पण ज्यानं ती झाडं वाढवली त्याला काडी ओढायला सांगायचं कुणी?

आता पुन्हा लागवडी होतायत आणि तरुण मुलं विचारायला येतात, ‘काकू, जुन्या जागी लावू का?’ मर झालेल्या खड्ड्यात लगेच लावू नका. बुरशी मातीत राहते, नवं रोप वर्ष-दोन वर्षं छान वाढतं आणि पहिल्या बहाराला अचानक सुकतं. उन्हाळ्यात खड्डे उघडे ठेवून चांगले तापू द्या, ओळ बदला. रोप घेताना मातृबाग, म्हणजे ज्या झाडांपासून रोपं केली ती बाग, डोळ्यांनी बघून घ्या, कारण तेल्या आणि मर दोन्ही रोपातून येतात. आणि रान मोकळं असेल तेवढे दिवस त्यात ज्वारी किंवा तूर घ्या.